वळचणीखालची फळी

सकाळी साडेसातला कॅम्पच्या राखणदार मावशी चहाचा थर्मास घेऊन नदीकाठच्या कॅराव्हॅनपाशी, चाकांवरच्या त्या घरापाशी, गेल्या. दार तीनदा वाजवलं. मग काचेतून आत पाहिलं, थर्मास पायरीवरच ठेवला आणि धावत फोनकडे आल्या.

साडेनऊला फौजदारबाई डॉक्टरांना आणि एका शिपायाला घेऊन जीपमधून घाट चढून पोचल्या.

म्हातारा गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडला होता. चेहरा गुलाबी, कालच हवापालट करून आल्यासारखा. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. गॅसच्या हीटरचा विषारी वायू आत कोंडला होता. छतातली खिडकी बंद होती. हीटरचा धूर जातो त्या नळीच्या वाडग्याएवढ्या तोंडात चिखलाचं घरटं घट्ट बसलं होतं.

फौजदारबाईंनी ते स्वतः बाहेर काढलं. आत तीन पिलं होती, पिसंही न फुटलेली. धगीने भाजून निघाली होती.

"गाडी दोन महिने आमच्या अंगणात उभी होती," म्हाताऱ्याची मुलगी म्हणाली. "तेव्हाच पाखरांनी घर केलं असणार. बाबांना किती सांगितलं, निघण्याआधी एकदा गॅरेजवाल्याला दाखवा. ऐकतील तर शपथ."

"इथे कधी पोचलात?"

"काल दुपारी. तीनशे किलोमीटर बाबांनी एकट्यांनी चालवली."

"आणि रात्री तुम्ही आणि तुमच्या आई कुठे होतात?"

"केबिनमध्ये. आईला रात्री-अपरात्री गाडीची पायरी झेपत नाही."

केबिन गाडीपासून वीस पावलांवर होती. लाकडी, दोन खोल्यांची, समोर व्हरांडा. तिथल्या बाकावर म्हातारी बसली होती. रडणं आटोपलं होतं.

"काकू, काल काकांखेरीज गाडीत शेवटचं कोण गेलं होतं?"

"मीच. संध्याकाळी अंथरूण घालायला एकदा चढले. उतरताना ह्यांनी हात दिला."

"खिडकी कोणी लावली?"

"मी." म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. बेड्या घाला, एवढंच म्हणायचं बाकी होतं. "ते कायम चार बोटं उघडी ठेवायचे. मी लावली. मी मारलं त्यांना."

"रोज उघडी असते, मग कालच का लावलीत?"

"खोकत होते. ही म्हणाली, आई, वारा फार आहे, वरची खिडकी लावून ये. तिने काळजीपोटीच सांगितलं हो. हात माझाच ना."

मुलगी आईच्या पाठीवरून हात फिरवत होती. "होऊ दे आई. तू मुद्दाम थोडंच केलंस? आता घरी चल. मुलांत तुझं मन रमेल."

ऐकायला मायेचं होतं. पण ह्या बाईने तासाभरात एकदाही, तुझ्यामुळे गेले नाहीत, असं म्हटलं नव्हतं. फौजदारबाईंच्या डोक्यात ते कुसळासारखं रुतून बसलं.

"हे दोघं पुढे कुठे निघाले होते?"

"कुठेही. बाबांचं खूळ. आता गाडीतच राहायचं, नदी दिसेल तिथे थांबायचं. मी फक्त पोचवायला आले होते. आज बसने परत जाणार होते."

"मुलं?"

"दोन. शेजारी ठेवलीयत. नवरा जहाजावर असतो, वर्षातले नऊ महिने."

"एरवी त्यांना कोण बघतं?"

"आई," मुलगी म्हणाली. "आणखी कोण?"

फौजदारबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. एक पाखरू चोचीत अळी घेऊन आलं, वळचणीपाशी फडफडलं आणि कठड्यावर जाऊन बसलं. पुन्हा उडालं, पुन्हा तिथेच फडफडलं. अळी चोचीतच होती. असं त्याने सहा वेळा केलं. वळचणीखाली वीतभर लांबीची एक फळी ठोकलेली होती, तिच्या वर मात्र काहीच नव्हतं.

त्यांनी मावशींना हाक मारली. "ही फळी कसली?"

"घरट्याखाली ठोकते मी, मॅडम. नाहीतर घाण पाहुण्यांच्या डोक्यावर. घरटं पाडायचं नाही, हा इथला नियम आहे. पिलं उडाली की फळी काढते."

"मग ही का ठेवलीत?"

मावशींनी मान वर केली, आणि ती तशीच वर राहिली. "काल सकाळी केबिन झाडली तेव्हा घरटं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तीन पिलं होती."

फौजदारबाई वळल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"अंगणातली पिलं असती तर आईबापांवाचून तीनशे किलोमीटर आली असती आणि वाटेतच वाळली असती. ही भाजेपर्यंत धडधाकट होती. आणि त्यांची आई गाडीकडे फिरकतसुद्धा नाही, इथे येतेय. घरटं इथलं आहे. काल दुपारनंतर कोणीतरी स्टुलावर चढून ते काढलं आणि नळीत बसवलं. काकूंचे गुडघे स्टुलावर चढू देणार नाहीत. बाबा स्वतःची नळी बुजवणार नाहीत. मावशींचा हात असता तर त्यांनी आधी फळी काढली असती, कारण ती कशासाठी असते ते त्यांनाच माहीत होतं. राहिलात तुम्ही."

मुलीने हात आईच्या पाठीवरून काढून घेतला.

"खिडकी उघडी असती तर बाबा वाचण्याची शक्यता होती. ती तुम्ही स्वतः लावू शकला असतात. आईकडून लावून घेतलीत. का, तेही सांगते. नुसती विधवा झालेली आई बहिणीकडे गेली असती, नाहीतर एकटी राहिली असती. पण नवऱ्याला आपल्या हाताने मारलं असं मानणारी आई कुठे जाणार? तिने तुम्ही सांगाल ते मुकाट्याने केलं असतं, आणि वर तुमचे उपकार मानले असते. बाबांचा जीव घेणं हा तुमचा नुसता मार्ग होता. तुम्हाला आई हवी होती, जन्माची मिंधी."

मुलगी आईपासून एक पाऊल मागे सरली.

"सहा वर्षं आई माझ्याकडे होती," ती म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, चीड होती. "आणि एके दिवशी जेवताना सांगून टाकतात, आम्ही निघालो म्हणून. मी नोकरी कशी करायची? मुलं कुठे ठेवायची? बाबांना खूळ लागलं, ठीक आहे. तू तरी नाही म्हणायचंस, आई."

म्हातारी तिच्याकडे वळली.

"ते खूळ त्यांचं नव्हतं," ती म्हणाली. "मलाच जायचं होतं. तुला सांगायला मी घाबरले, म्हणून त्यांनी आपलं नाव पुढे केलं."

मुलीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. पण क्षणभरच. तिने पर्समधून घराची किल्ली काढून बाकावर ठेवली.

"धाकटा रोज चारला शाळेतून सुटतो," ती म्हणाली आणि शिपायाबरोबर जीपकडे चालू लागली.

फौजदारबाईंना वाटलं, म्हातारी ती किल्ली नदीत भिरकावेल. भिरकावली असती तर त्यांनी अडवलं नसतं.

म्हातारीने किल्ली उचलून मुठीत धरली.

"ह्यांना ताब्यात कधी देतील, बाई?"

"उद्या दुपारी. तुम्हालाच यावं लागेल, काकू."

"येते," म्हातारी म्हणाली. "मुलांना घेऊनच येईन. त्यांना ठेवायला दुसरं कोणी नाही."