पूल ओलांडेपर्यंत मुकुट नाही

ग्लुर्न्सच्या बाजारात हर्मिनेला एक फुलांचं कडं दिसलं आणि तिथेच सगळ्या दिवसाचा बट्ट्याबोळ झाला. कडं चांगलं घमेल्याएवढं होतं. देवदाराच्या डहाळ्या, कागदी गुलाब, लाल-सोनेरी फिती आणि मधोमध रुपयाएवढा आरसा. विकणारी बाई तीस युरोंच्या खाली यायला तयार नव्हती आणि हर्मिने वीसच्या वर चढायला. गावाच्या तटाखाली गाडी लावून बसलेल्या लोइस्लचा तोवर दोनदा हॉर्न वाजवून झाला होता.

"दाराला लावणार आहेस की दार काढून त्या जागी हेच बसवणार?" कडं गाडीत कोंबताना त्याने विचारलं.

"तुझ्या डोक्यावर घालीन. तेवढंच टक्कल झाकेल."

मागच्या सीटवरची बुर्गी मात्र हसली नाही. "ते दाराचं नाही," ती म्हणाली, "गाईचा मुकुट आहे तो. डोंगरावरून गुरं उतरतात ना, तेव्हा घालतात." आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

हे तिघं इन्सब्रुकच्या एकाच चर्चमध्ये गायचे. लोइस्लने उभा जन्म ट्राम चालवली, हर्मिनेने शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली ढवळली आणि बुर्गीने लोकांचे कपडे शिवले. दर सप्टेंबरात तीन दिवस लोइस्लच्या खटारा हिरव्या गाडीतून डोंगर, घाट, जुनी गावं हिंडायची, हा सोळा वर्षांचा नेम. रस्ता बुर्गी आखायची. इतक्या वर्षांत ती चेंगार्टचा घाट दर वेळी शिताफीने चुकवत आली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आपलं माहेर चेंगार्टचं, हेसुद्धा तिने कधी सांगितलं नव्हतं.

पण त्या दिवशी खालच्या रस्त्यावर दरड आली. आडव्या फळीवर बाण रंगवला होता आणि खाली नाव होतं: चेंगार्ट, जुना घाट.

"मागे फिरू या," बुर्गी म्हणाली. "ग्लुर्न्समध्येच राहू."

"मेरानमध्ये टेबल सांगून ठेवलंय. हरणाचं मटण आहे," लोइस्ल म्हणाला. "दुपारचे तीन वाजलेत बाई. तासाभरात पलीकडे." आणि त्याने गाडी वळवलीसुद्धा. बुर्गीने पर्स पोटाशी धरली.

वर चढेपर्यंत लख्ख ऊन होतं. हर्मिने गुडघ्यावर कडक भाकरी मोडून, सुकवलेल्या मांसाच्या चकत्यांबरोबर सगळ्यांना पुरवत होती. माथा ओलांडला, पहिलं वळण गेलं आणि धुकं आलं. हळूहळू नाही, एकदम. गाडीचं नाकसुद्धा दिसेना. लोइस्लने दिवे लावले, मग विझवले, कारण दिव्याने पांढरं अजूनच दाट होत होतं. इंजिनाची घरघर कापूस कोंबल्यासारखी दबून गेली.

मग वास आला. खिडक्या बंद होत्या, तरी आला. ओल्या कातड्याचा, दुधाचा, चुलीच्या धुराचा.

"गुरं," लोइस्ल म्हणाला आणि त्याने ब्रेक दाबला.

धुक्यातून एक तपकिरी पाठ निघाली, मग दुसरी. वरच्या उतारावरून गाई शांतपणे रस्त्यावर उतरत होत्या, गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढे जात होत्या. चांगल्या वीस-बावीस असतील. गळ्यात भोपळ्याएवढ्या घंटा. पण आवाज म्हणून नव्हता, नुसते खूर.

"यांना मुकुट का नाहीत?" हर्मिनेने हळूच विचारलं. "आज-उद्याच उतरतात ना सगळीकडे?"

"घरात कुणी गेलं असेल उन्हाळ्यात. मग नाही सजवत." लोइस्ल याच डोंगरमुलखातला, टिरोलचा, त्याला एवढं ठाऊक होतं. त्याने काच पुसून पाहिलं. "घंटांत गवत कोंबलंय बघ. सुतकातला कळप आहे."

एक गाय थांबली आणि तिने खिडकीतून आत पाहिलं. कपाळावर पांढरा टिळा, डावा कान अर्धा फाटलेला. तिच्या नाकपुड्या काचेला टेकल्या होत्या, पण काचेवर वाफ धरली नाही.

"आल्मा," बुर्गी म्हणाली.

"तुला माहितेय ही गाय?"

"आमचीच आहे... एक्केचाळीस वर्षांपूर्वी मेली ती."

हर्मिनेने भाकरी बाजूला ठेवली. मग बुर्गीच बोलू लागली. आवाज इतका बारीक, की हर्मिनेला मागे वळून ऐकावं लागलं.

"आमच्याकडे एक नेम आहे. खालचा लाकडी पूल ओलांडेपर्यंत मुकुट घालायचा नाही. पुलाच्या वर वाटेला सगळे तुटलेले डोंगरकडे आहेत. मुकुट जड असतो, डोळ्यांवर घसरतो. म्हणून पुलापलीकडे, सगळे सुखरूप उतरल्यावर घालायचा. मी सतरा वर्षांची होते. मुकुट मी केला होता, दोन महिने खपून. गावात शिरताना लोक बघतील, एवढंच डोक्यात. झेंझ, म्हणजे माझा भाऊ, मागे होता, शेवटचं वासरू आणत होता. त्याला न विचारता मी वरच, इथेच, आल्माच्या डोक्यावर बांधला. धुकं आलं. या पुढच्याच वळणावर मुकुट तिच्या डोळ्यांवर उतरला... ती सरळ गेली. आघाडीची सरळ गेली की सगळ्या जातात. झेंझ आडवा गेला, थांबवायला. तोही त्यांच्याबरोबर खाली गेला."

"बुर्गी," हर्मिने म्हणाली.

"मी कुणालाच सांगितलं नाही. मुकुट दरीतल्या पाण्यात वाहून गेला. सगळे म्हणाले, धुक्याने घात केला."

हर्मिनेने हात मागे नेऊन तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात लोइस्ल म्हणाला, "पोरींनो, गाडी सरकतेय."

"मग ब्रेक दाब."

"दाबलाय. हातब्रेकही ओढलाय."

चारी बाजूंनी गुरं चिकटली होती. ओली अंगं पत्र्याला घासत होती आणि कळपाबरोबर गाडी पुढे चालली होती, चाकं न फिरता, जमिनीवर खरडत. समोर रस्ता डावीकडे वळत असणार. कळप मात्र वळत नव्हता, सरळच चालला होता. त्या बाजूला धुक्यापलीकडे काय आहे, हे तिघांपैकी एकटीलाच ठाऊक होतं.

बुर्गी खूप घाबरली होती. पण एक्केचाळीस वर्षं जी भीती उराशी धरली, तीच समोर येऊन उभी राहिली आणि आता तिच्यासोबत आपली ही दोन माणसंही जायची, हे दिसल्यावर तिला जो राग आला तो भीतीहून मोठा निघाला. तिने दार ढकललं आणि उतरली.

गाईंची अंगं गार होती, नदीतल्या दगडासारखी. त्यांच्यातून वाट काढत, कोपरं मारत ती पुढे गेली. दोन्ही हातांनी चाचपत वळणावरचा मैलाचा दगड शोधला आणि दरीकडे पाठ करून त्याच्यापुढे उभी राहिली. पाच पावलांवर आल्मा येत होती.

त्यांच्या घराची एक हाक होती. प्रत्येक घराची वेगळी असते, गुरं दुसऱ्याच्या हाकेला कान देत नाहीत. त्या दिवसापासून बुर्गीने ती मारली नव्हती. चर्चमध्येसुद्धा ती खालच्या पट्टीतल्या बायकांत उभी राहायची, वरचा गळा आपल्याला नाहीच म्हणून सांगायची.

पहिल्यांदा नुसती घरघर निघाली. आल्मा तीन पावलांवर आली.

"होऽऽऽ," बुर्गी म्हणाली. आवाज फाटला. तिने डोळे मिटले, पाय रोवले. "होऽऽऽ सा, सा, साऽऽऽ..."

हाक निघाली. वर, आणखी वर, डोंगराला आदळून परत येईल अशी. गाडीत बसलेला लोइस्ल अजून सांगतो, की सोळा वर्षं ज्या बाईशेजारी उभं राहून गायलो, तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आल्माने फाटका कान हलवला आणि डावीकडे वळली.

पुढची सात वळणं बुर्गी पायी उतरली. हाक मारत, मागे न बघता. मागे खूर वाजत होते, त्यांच्या मागे गाडी आपल्या चाकांवर, आपल्या इंजिनावर येत होती आणि त्याही मागे एका काठीची टोकटोक येत होती, दोन पावलांना एक. ती टोकटोक तिने लहानपणापासून ऐकली होती. वळून बघावं असं फार वाटत होतं. पण आघाडीवर चालणाऱ्याने वळायचं नसतं, हे तिला झेंझनेच शिकवलं होतं.

पायांखाली लाकूड वाजलं. पूल आला, पूल सरला. पलीकडे गेल्यावर ती थांबली आणि कळपही थांबला.

आणि तेव्हा हर्मिने गाडीतून उतरली. ही बाई कोंबडीलासुद्धा वाट सोडते. डोळे अर्धे मिटून, ओठांत देवाचं नाव पुटपुटत, तीस युरोंचं ते कडं छातीशी धरून ती बावीस मेलेल्या गाईंच्या मधून चालत पुढे आली.

"हे घे," ती म्हणाली. "आता घालायचा ना? पूल झाला."

बुर्गीने मुकुट आल्माच्या शिंगांमध्ये बसवला, फिती हनुवटीखाली घेतल्या, दुहेरी गाठ मारली, ओढून पाहिली. हलत नव्हता. मग तिने घंटेत बोटं घालून गवताचा बोळा ओढून काढला. तो कोरडा होता आणि त्याला ताज्या गवताचा वास होता.

घंटा वाजली. मागोमाग दुसरी, मग सगळ्याच. इतका घणघणाट, की लोइस्लने गाडीतून हात बाहेर काढून पत्र्यावर ताल धरला. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

चेंगार्टमध्ये दारं उघडली. खानावळीतून पेले हातात घेऊन माणसं बाहेर आली, कारंज्यापाशी बायका उभ्या राहिल्या. त्यांना धुकं दिसलं, धुक्यातून गात येणारी एक पंचावन्न-साठीची बाई दिसली, एक हिरवी गाडी दिसली. गाई दिसल्या नाहीत. पण घंटा सगळ्यांनी ऐकल्या आणि एकेकाने टोपी काढली. बुर्गी मान ताठ ठेवून रस्त्याच्या मधोमध चालली होती.

टेल्सरांच्या, म्हणजे बुर्गीच्या माहेरच्या, गोठ्याचं दार सताड उघडं होतं. ते कुणी उघडलं, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. बुर्गी बाजूला झाली आणि घणघणाट तिच्या अंगावरून आत गेला. लोइस्लची गाडीही त्याच ओघात फाटक ओलांडून अंगणात आली. शेवटची घंटा आत गेली आणि शांत झालं. धुकं विरलं. गोठा रिकामा होता, आतल्या खिळ्याला मुकुट टांगलेला होता. आरशावर पाण्याचे थेंब होते.

खानावळवाली फिलोमेना आता ऐंशीची आहे. तिने बुर्गीला दोन्ही दंडांना धरून नीट पाहिलं.

"दर वर्षी या दिवशी आम्ही हाक ऐकतो," ती म्हणाली. "झेंझची. वळणापर्यंत यायची आणि तिथे तुटायची. आज पहिल्यांदा पूर्ण खाली आली. चल, आत चल पोरी. जेवायचंय तुला."

खानावळीत शिरल्या शिरल्या, बसायच्या आधीच, बुर्गीने सगळ्यांसमोर मुकुटाचं सांगून टाकलं. एका म्हाताऱ्याने उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. मग लाल वाइन आली, चीज घातलेले गोळे आले आणि लोइस्ल मेरानचं हरीण साफ विसरला. कुणीतरी गाणं धरलं. वरची पट्टी बुर्गीने घेतली आणि भिंतीवरच्या बशा थरथरल्या. इतकं हलकं तिला सतरा वर्षांची होती तेव्हापासून वाटलं नव्हतं.

"एक सांगू?" लोइस्ल वाइन ओतता ओतता म्हणाला. "फाटकातून शिरताना माझ्या खांद्यावर कुणीतरी टकटक केलं. बारीक काठीने मारावं तसं."

"माझ्याही," हर्मिने म्हणाली. "मला वाटलं, तूच."

गाणं थांबलं. फिलोमेना हसली. "मोजलं तुम्हाला. आमचे गुराखी फाटकात काठी टेकवून मोजतात. सुखरूप घरी आलेले तेवढे." मग ती बुर्गीकडे वळली. "आणि तुला?"

बुर्गीने खांदा चाचपला. "नाही. मला कुणी शिवलं नाही."

फिलोमेना उठली. "गुराख्याला मोजत नाहीत," ती म्हणाली आणि रिकाम्या बशा उचलू लागली.

निघताना बुर्गी कोट घ्यायला खुंटीशी गेली. कोटाखाली भिंतीला टेकून एक काठी उभी होती. तिने ती लगेच ओळखली. त्यांच्याकडे गुराखी वर कुरणात चढायच्या दिवशी काठीवर एक खाच पाडतो, एका उन्हाळ्याला एक, आणि काठी ज्याच्या हाती येते, कळप त्याचा होतो. झेंझने पाच उन्हाळे काढले होते. पाच खाचा काळ्या पडून गुळगुळीत झाल्या होत्या.

त्यांच्याखाली सहावी होती, पांढरी. तिने बोट लावून पाहिलं. लाकूड अजून ओलं होतं.