चुंबळ ठेवलेली मोळी

देवरावानं आयुष्यात सरपण विकत घेतलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो पोराचं लग्न बिनहुंड्यानं केल्याच्या थाटात सांगे. घरात गॅस होता, नाही असं नाही. पण अंघोळीचं पाणी मागच्या अंगणातल्या चुलीवरच तापायचं, आणि चुलीत जाईल ते फुकटचंच असलं पाहिजे, असा त्याचा बाणा. वीजवाले तारेखालच्या कडुनिंबाच्या फांद्या छाटायला आले, की त्यांच्या शिडीखाली देवराव उभा. वादळात कालव्यावरची बाभूळ पडली, तर पडल्याचा आवाज गावाला ऐकू यायच्या आत हा कुऱ्हाड घेऊन तिथं. एकदा वरूडहून त्यानं संत्र्यांच्या फुटक्या पेट्या एसटीत घालून आणल्या. कंडक्टरनं त्यांचं तिकीट मागितलं, तर हा म्हणाला, "पेट्यायले बसाले जागा द्या, मंग तिकीट फाडा." अख्खी गाडी हसली. निदान देवराव तरी तसं सांगे.

त्या जानेवारीत मात्र त्याची पंचाईत झाली. लेक रागिणी अकोल्याहून बाळंतपणाला आली, मुलगी झाली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अवकाळी पावसानं रचून ठेवलेलं सगळं सरपण भिजवलं. बाळंतिणीला दोन वेळ कडक पाणी लागतं, खाटेखाली शेक लागतो. बायको आशाबाई वैतागली.

"अवो, ओल्या लाकडाचा धूर लेकराच्या डोयात जाऊन राहिला. आता तरी आणा विकत."

"विकत? शेषरावचा बगीचा काय शोभेले हाय?"

शेषरावाच्या संत्र्याच्या बगीच्याला रोग लागला होता. झाडं उभ्या उभ्या वाळली, म्हणून त्यानं ती तोडायला काढली आणि गावाला सांगून टाकलं, खोडं माझी, बारीक लाकूड ज्याला पाहिजे त्यानं न्यावं. अशा ठिकाणी सरपण वेचणाऱ्या बायांचा एक कायदा असतो. मोळी बांधून झाली आणि बाईला मध्येच दुसरं काम निघालं, तर ती आपली चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर घ्यायची फडक्याची वळी, त्या मोळीवर ठेवून जाते. मग ती मोळी पंधरा दिवस पडून राहिली तरी कोणी हात लावत नाही. हा कायदा फक्त शेळ्या मानत नाहीत.

देवराव मोटारसायकलनं पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. बगीच्यात चिटपाखरू नव्हतं. बायांनी बारीक लाकूड आधीच वेचून नेलं होतं. जमीन झाडून काढल्यासारखी. एकच झाड उभं होतं, आणि त्याच्या बुडाशी एक मोळी. खडखडीत वाळलेली, मापाची, घट्ट बांधलेली. वर चुंबळ.

"कोणी हाय काय वो?" देवरावानं विचारलं. पण अशा आवाजात, की कोणाला ऐकू गेलं असतं तर वाईट त्यालाच वाटलं असतं.

त्यानं चुंबळ उचलली. ती ऊन होती. उन्हानं तापलेली नव्हे, मोळी तर खोडाच्या सावलीत होती. आत्ताच कोणीतरी डोक्यावरून काढून ठेवावी तशी ऊन, आणि तिला घामाचा, खोबरेल तेलाचा वास. त्याच वेळी वरच्या वाळक्या झाडातून संत्र्याच्या फुलांचा वास खाली उतरला. पान नाही, कळी नाही, नुसता वास...

देवरावानं चुंबळ नालीत फेकली आणि मोळी गाडीला बांधली.

चूल लगेच पेटली. धूर नाही, फुंकणी नाही. आशाबाई खूश झाली. पंधरा मिनिटांनी तिनं गंजात, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात, हात घातला. पाणी विहिरीतून काढल्यासारखं गार. तिनं आणखी लाकडं सारली. जाळ गंजाच्या गळ्यापर्यंत आला. मग देवरावाला तिची हाक ऐकू आली, अगदी हळू.

"अवो... इकडं या."

आशाबाईचा हात जाळात होता. पाचही बोटं आगीत, आणि ती वाऱ्यात हात धरल्यासारखी बसलेली. देवरावानं आपला हात घातला. जाळ बोटांना चाटत होता, आणि थंड लागत होता.

गॅस लावला. निळा जाळ तसाच थंड. शेजारून पौर्णिमानं उकळतं पाणी आणलं. तिच्या बादलीची वाफ उंबरठ्यावर तुटली आणि घरात आलं ते गार पाणी. आतल्या खोलीत बाळ मघापासून रडत होतं. ते आता गप्प झालं, आणि रागिणी म्हणाली, "बाबा... हिचे तळवे पाहा."

ते ओल्या मातीसारखे गार होते.

बाळाला दवाखान्यात न्यायला आशाबाई अनवाणीच गल्लीतल्या अंकुरची गाडी बोलवायला धावली. त्याच वेळी बाळाला न्हाऊ घालणारी मैनाबाई मागच्या दारानं आली. तिची नजर चुलीशेजारच्या अर्ध्या मोळीवर गेली आणि ती जागीच थांबली.

"भाऊ, हे मोळी कुठची?"

"बगीच्यातली. पडून होती."

"चुंबळ होती काय वर?"

देवराव चुलीतलं लाकूड मागं ओढू लागला.

"लुगड्याचा काठ फाडून बांधली. डाव्या हाताची गाठ हाय हे. गावात एकच बाई अशी बांधे... भागीरथा."

"भागीरथा गेली ना, मैनाबाई. मागच्या उन्हाळ्यात."

"कशी गेली, ठावं हाय तुमाले?" मैनाबाईचा आवाज खाली आला. "तिच्या लेकीले, प्रियदर्शनीले, नववा लागला होता. बाळंतपणासाठी म्हणून सकाळीच कालव्यावर मोळी बांधून ठेवली तिनं, चुंबळ ठेवून पाणी प्याले गेली. आली तं मोळी नाही. मंग भर दुपारची पुन्हा वेचाले गेली. ऊन लागलं. संध्याकाळी सापडली, कवेत लाकडं तशीच... मी घरात नाही येत, भाऊ. पयले हे जिचं तिले जाऊ द्या."

ती आल्या पावली परत फिरली.

आता सांगायला हवं. देवरावाची चहाच्या टपरीवरची सगळ्यात गाजलेली गोष्ट कोणती, तर कालव्यावरच्या बाभळीनं त्याला मोळी बांधून दिली ती. "झाड म्हणे, देवरावभाऊ, तुमी कायले वाकता? अन् वरून चुंबळबी देली लेकाच्यानं!" ही गोष्ट तो उन्हाळ्यापासून सांगत आला होता. दर वेळी नवा मसाला घालून. भागीरथा गेल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा सांगितली. ती बाई कुठं, काय वेचताना गेली, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या नाहीत, इतकंच. ठेवायच्या नव्हत्या म्हणून ठेवल्या नाहीत.

त्यानं उरलेली लाकडं पुन्हा बांधली. गाडीची किल्ली खिशात होती, पण हात तिकडे गेला नाही. मोळी त्यानं बोडक्या डोक्यावर घेतली. खुंट टाळूत रुतले.

टपरीवर रामराव बसला होता. "काहून, देवरावभाऊ? आज झाडानं घरपोच नाही देली?"

सगळे हसले. ते हसणं गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या मागं आलं. आजवर ते त्यानंच त्यांना शिकवलं होतं.

बुद्धविहारामागच्या भागीरथाच्या वस्तीत त्यानं जन्मात कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. प्रियदर्शनी अंगणात तूर पाखडत होती. त्यानं मोळी उतरवली आणि मातीकडे पाहत बोलला.

"बाई... तुया आईची मोळी... कालव्यावरची... मी नेली होती."

सूप थांबलं नाही.

"मालूम हाय, काका."

"कसं?"

"तुमीच तं सांगितलं. आमचा भाऊ स्वप्निल होता टपरीवर. तोबी हसला होता सगळ्यायसंगं. घरी येऊन मले तेच सांगताना चुंबळीपाशी अडला, अन् मंग जेवलाच नाही दोन दिवस."

"मंग... आल्या काहून नाही तुमी? शिव्या देयाच्या होत्या."

"तुमी येता काय, ते पाहत होतो." सूप थांबलं. "येयाले तुमाले इतके दिवस लागले."

स्वेटर-टोपड्यात गुंडाळलेलं एक लेकरू रांगत आलं आणि मोळीतली काडी ओढू लागलं. देवरावाला त्यापलीकडे त्याचे मळके गुडघे तेवढे दिसले. मान वर करायची त्याची ताकद नव्हती. माफ कर, असं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं असावं. प्रियदर्शनीनं ना हो म्हटलं, ना नाही. तो निघाला.

घराशी पोचतो तर आतून बाळाचं खणखणीत रडणं. न्हाणीतून वाफेचे लोट. आशाबाई आणि अंकुरची गाडी अजून यायचीच होती. रागिणी बाळाला पुसत होती, आणि बाळ लालबुंद.

"बाबा, ते बाई कोण हो? तुमी गेले, अन् मागून आली. आपलं ओलंच सरपण लावलं तिनं, तरी धूर नाही. पाणी काढून देलं, पोरीले न्हाऊ घातलं."

"काही बोलली?"

"जाताना बोलली. म्हणे, तुले पोरगी झाली, चांगलं झालं. माया लेकीले काय झालं, पोरगा का पोरगी, ते मले कोणी सांगतच नाही."

देवरावानं मागच्या दाराकडे पाहिलं.

"मी म्हटलं, मले नाही ठावं, मावशी. तं म्हणे, तुया बापाले इचार, तो आत्ता त्याच अंगणात उभा हाय, पाहूनच येईन... बाबा, तुमी कुठं गेले होते?"

टोपडं. स्वेटर. मळके गुडघे. त्यापुढं देवरावाला काही आठवेना. त्यानं पाहिलंच नव्हतं.

"उद्या दुपारी येतो म्हणाली. काय सांगू मी तिले?"

देवराव मागच्या अंगणात गेला. चुलीत जाळ नव्हता, निखारा नव्हता. राख हातात घेतली, ती गार होती. आणि वर गंजातलं पाणी अजून खदखदत होतं.