काजी कोणाच्या पाया पडला

ही गोष्ट खरी आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, हे मलाही ठाऊक आहे. ही मात्र सकाळची आहे. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या सणाच्या, दशमीची सकाळ. अंगणात माणसांची रीघ, बायाबापड्या नव्या कपड्यांत, आणि कोटावर पांढरंफटक धुकं. गावचं गाव तिथे होतं. त्यातले निम्मे पुढे म्हणाले, आम्ही काही पाहिलं नाही. उरलेल्यांनी आपल्या पोरांना सांगितलं, आणि तेच आमच्यापर्यंत आलं.

जागा म्हणजे कर्णालीच्या काठावरचा आमचा देउरालीकोट. काळ गोरखाली फौजा पश्चिमेकडे एकेक गढी घेत चालल्या होत्या, तो.

आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते काजी केहरमान खड्का. आमचे मूळपुरुष. काजी म्हणजे राजाचा मोठा सरदार.

फौजही त्यांची आणि मुलूखही त्यांचा. सारा त्यांनीच वसूल करायचा, न्याय त्यांनीच द्यायचा, लढाईला त्यांनीच जायचं. साध्या शिपायापासून ते तिथवर चढले होते. आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीने, भद्रा दिदीने, त्यांना वाढवलं. स्वतः कोद्याची पेज प्यायली आणि भावाच्या ताटात भात वाढला. तिला एकच मुलगा, अगमवीर. तो मामाच्याच फौजेत होता.

आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा काजी असो नाहीतर राजा असो. काजी केहरमान अख्ख्या मुलखात कोणापुढे वाकत नसत. वाकत ते एका अगमवीरपुढे. तोही इरसाल. पाय पुढे करून म्हणायचा, "नीट वाका हो मामा, पोट आडवं येतंय तुमचं!"

त्या वर्षी चैतात पलीकडची गढी घ्यायला फौज गेली आणि मार खाऊन परतली.

अगमवीर थोड्या माणसांनिशी मागे राहिला होता, शत्रूला अडवायला. बाकीचे गवती दोरांच्या झुलत्या पुलावरून अलीकडे आले. काजीही आले. इतक्यात पलीकडच्या खिंडीत धूळ उठली.

"आले! शत्रू आले!" कोणीतरी ओरडलं.

"दोर काप," काजी म्हणाले.

जमादार मनिराज खुकरी घेऊन खांबाशी उभा होता. त्याचा हात उठेना. "सरकार, भाचेसाहेब अजून पलीकडे आहेत."

"काप म्हणतो ना!"

दोर कापला गेला. पूल पाण्यात कोसळला.

मग धूळ खाली बसली...

ती शत्रूची नव्हती. अगमवीर आणि त्याची माणसं होती.

अगमवीर काठावर आला. पाण्याकडे पाहून हसला. त्या आवाजात हसू होतं, हे जमादार मरेपर्यंत सांगत होता. "मामा! दोर तुटला वाटतं! दुसरा टाका!"

तुटला वाटतं. कापला असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

दुसरा दोर टाकता आला असता. पण मग अगमवीर अलीकडे आला असता आणि खांबावरचं कापलेलं टोक त्याने पाहिलं असतं. काठमांडूची पजनी तोंडावर आली होती. दरवर्षी पजनीत ठरायचं, कोण पदावर राहणार आणि कोण घरी जाणार. काजीचा भिकारी व्हायला एक पजनी पुरे. आपल्याच माणसांवर पूल कापणाऱ्याला कोण ठेवणार?

काजींनी पाठ फिरवली.

मागून हाका येत राहिल्या. आधी "मामा". मग बराच वेळ काही नाही. आणि मग, अगदी उतरलेल्या आवाजात... "आमा."

आमा म्हणजे आई.

घरी आल्यावर दिदीने एकच विचारलं. धाकट्या भावाला ती कान्छा म्हणे. "कान्छा, तू त्याला पडताना पाहिलंस?"

"पाहिलं."

"माझ्याकडे बघून सांग."

काजींनी तांब्याचं भांडं मागवलं. त्यात गंगाजळ, वर तुळस. आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पाहिलं, दिदी. छातीत बाण लागला होता."

अगमवीरच्या बायकोचा, तुलसाचा, लाल चुडा फुटला. गळ्यातली पोत उतरली.

प्रेत नव्हतं. अशा वेळी कुशाच्या गवताचा पुतळा करून जाळतात. पंडित मेघनिधी पुतळा बांधता बांधता थांबले. "काजी, माणूस गेल्याची खात्री आहे ना? श्वास चालू असलेल्याचा पुतळा जाळला, तर तो पितरांत जात नाही आणि माणसांतही राहत नाही. त्याला मग कुठेच जागा नाही."

"खात्री आहे. तुम्ही बांधा."

नदीकाठी पुतळा पेटला. धूर वर गेला.

आणि त्याच वेळी पलीकडच्या काठावर...

तिथेही एक बारीक धूर वर जात होता. चुलीचा असतो तसा.

"तो कोणाचा रे?" दिदीने विचारलं.

"शत्रूचा."

तो धूर आणखी काही दिवस दिसला. मग दिसेनासा झाला.

पजनी झाली. काजींचं पद राहिलं. वर मानाची शालजोडीही आली.

काजींनी पूल पुन्हा बांधू दिला नाही. शत्रू येईल म्हणाले. सहा महिने गेले आणि दसैं आला. घट बसले, त्याच दिवशी जमादार मनिराज मान खाली घालून समोर उभा राहिला.

"सरकार, पहारेकरी नदीकडे जायला तयार नाहीत."

"का? नवे कपडे मळतील म्हणून?"

"म्हणतात, पुलावरून कोणीतरी येतंय."

"कुठल्या पुलावरून?"

जमादाराने वर पाहिलं. "तेच तर, सरकार."

संध्याकाळी काजी स्वतः खाली गेले. पाणी खळाळत होतं. काठावर नुसता खांब. काजी परत फिरणार, तोच...

करर्र... करर्र...

ओला गवती दोर माणसाच्या भाराने वाजतो, तसा आवाज. डोक्याच्या उंचीवरून. जिथे काहीच नव्हतं तिथून.

काजी झपाझप वर आले. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. त्या रात्री त्यांनी जेवणाचं ताट परत पाठवलं.

फूलपातीला, म्हणजे सप्तमीला, बंदुकांच्या फैरी झडल्या. दरवर्षी खोरं त्या फैरी परत ऐकवायचं.

या वर्षी प्रतिध्वनी आलाच नाही... जणू पलीकडे कोणीतरी तो अडवून धरला होता.

आणि मग ती दशमी.

धुकं इतकं, की अंगणाचं दुसरं टोक दिसेना. काजी पडवीत गादीवर बसले होते. समोर एक चटई. ताटात दही-तांदळात कालवलेला लाल टिळा, शेजारी घटात उगवलेल्या जवाचे पिवळे अंकुर, म्हणजे जमरा. एकेक जण चटईवर बसे, काजी टिळा लावत, कानावर जमरा ठेवत, आशीर्वाद देत.

"अहो जमादार, टिळ्याला आलात की बोकडाच्या रश्श्याला?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"टिळा आधी, आजी. रश्श्यावाचून तो फळत नाही."

लोक हसले. दिदी पांढऱ्या साडीत दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सुतकाचं वर्ष, तिला टिळा नव्हता. ती नुसती भावाचा हात बघत होती.

काजींचं लक्ष कशातच नव्हतं. हात यंत्रासारखा चालला होता. कपाळ आलं, टिळा लावला. कपाळ आलं, टिळा लावला.

मग एक कपाळ आलं, त्यावर टिळा बसेना.

लावला, घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. कपाळ ओलं होतं. काजींनी जमऱ्याकडे हात नेताना खाली पाहिलं...

दोन पाय.

ओले. तळव्यांना दोराचे वळ उठलेले. आणि ते पाय हळूच पुढे सरकले. नीट वाका म्हणावं, तसे.

काजींना काही कळायच्या आत अंग वाकलं. वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरले आणि डोकं टेकवलं. नदीतल्या धोंड्यासारखे थंडगार होते ते.

अंगणातली रांग मागे सरकली.

"सरकार..." जमादार पुढे झाला. "सरकार, समोर कोणी नाही."

काजींनी डोकं उचललं. चटई रिकामी होती. ओल्या पावलांचे ठसे मात्र होते. येणारे होते. जाणारे नव्हते.

दिदी चौकट सोडून पुढे आली.

"कान्छा. तू कोणाच्या पाया पडलास?"

काजींची नजर ठशांवरून हलेना.

"अख्ख्या मुलखाला माहीत आहे तू कोणापुढे वाकतोस. बाण लागला म्हणालास ना छातीत? मग हा भिजून कसा आला?"

सगळं गाव ऐकत होतं. काजी वीस लढायांतून पार झालेला माणूस. त्या दिवशी लहान पोरासारखे रडले.

"दोर मी कापायला लावला, दिदी. तो जिवंत होता. हाका मारत होता."

तुलसाने आपल्या उघड्या मनगटांकडे पाहिलं.

दिदी रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "काय म्हणत होता?"

"आधी मामा म्हणाला."

"आणि?"

"शेवटी तुलाच हाक मारली, दिदी. आमा म्हणाला."

हे खरं होतं. अगदी अक्षरशः खरं. जमादारानेही ऐकलं होतं, पण सहा महिने सगळं लपवणाऱ्या त्याची साक्ष आता कोण मानणार? पण दिदी भावाकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत काही पालटलं नाही.

"तामा-तुळशीवर हात ठेवून खोटं बोललास तू," ती म्हणाली. "आता हे तरी खरं कसं मानू रे? माझं समाधान व्हावं म्हणून म्हणत असशील."

"नाही दिदी! आईची शपथ..."

"नको. तू शपथ नको घेऊस. पूल बांध. मीच विचारते त्याला."

पूल बांधायला घेतला. दोर घेऊन एक नावाडी पोहत पलीकडे गेला. तिथे विझलेली चूल सापडली. पागोट्यांचे आणि कमरपट्ट्यांचे पीळ देऊन केलेला एक लांबच लांब दोर सापडला. तो नदीच्या निम्म्यापर्यंतही पुरला नसता. माणूस एकही नाही. हाडही नाही. पंडित म्हणाले, हाड मिळालं असतं तर पुन्हा संस्कार करून त्याला वाट दिली असती. आता माझ्या हातात काही नाही.

पूल पुरा झाला त्या दुपारी पुन्हा धुकं उतरलं. दिदी खांबाशी आली.

काजींनी तिचे पाय धरले. "मी जातो, दिदी. तू नको."

"तुला बघून तो येईल का रे?"

काजींनी तिचे पाय सोडले.

ती पुलावर चढली. चार पावलांत धुक्यात दिसेनाशी झाली. जमादार मनिराज दोरावर तळहात ठेवून उभा होता. पुलावरचं माणूस कुठवर गेलं ते दोरावरून कळतं. म्हातारीचा हलका भार, थांबत थांबत पुढे चाललेला. मग मध्यावर तो थबकला...

आणि दोर एकदम खाली ओढला गेला.

दोघांचा भार होता.

"दिदी!" काजी ओरडले.

आतून आवाज आला. तिचाच. कोणाशी तरी हळू बोलत असल्यासारखा. शब्द कळले नाहीत. मग एकदा ती हसली, असं काहींचं म्हणणं आहे.

मग दोर सैल झाला.

धुकं निवळलं तेव्हा पूल रिकामा होता. माणसं खाली पार दोन वळणांपर्यंत शोधत गेली. काही मिळालं नाही. साडीची चिंधीसुद्धा नाही.

काजींनी सगळं काठमांडूला कळवलं, शिक्षा मागितली. तिकडून निरोप आला की पश्चिमेला अनुभवी माणूस हवा आहे, जागेवरच राहावं. पुढच्या पजनीतही पद राहिलं. त्याच्या पुढच्याही. म्हातारे होईतो ते मुलूख सांभाळत राहिले. न्यायाला बसले आणि साक्षीदार शपथ घ्यायला लागला, की तोंड फिरवत.

शेवटच्या आजारात त्यांनी जमादाराला बोलावून घेतलं.

"मनिराज, तुझा हात दोरावर होता. दिदीला त्याने सांगितलं असेल ना? की मी खरं बोललो होतो?"

"ते मला कसं कळणार, सरकार?"

"मग ती हसली ना रे? तू ऐकलंस ना?"

जमादाराने त्यांचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, "सरकार, मला हसल्यासारखं नाही वाटलं."

काजी त्यानंतर दोन दिवस होते, पण बोलले नाहीत.

आता तिथे लोखंडी पूल आहे. खेचरं जातात, शाळेची मुलं जातात, कोणाला काही होत नाही. मीही कितीदा गेलो आहे. फक्त मध्यावर आलो की पाय आपोआप थांबतात. कोणीतरी आपल्याला काही विचारणार आहे, असं वाटतं. आणि आपण खरं सांगितलं तरी ते मानलं जाणार नाही, असंही.