इग्नात्सीचा हात

स्कॉटलंडात फोर्थच्या खाडीकाठी एका गावाचं सभागृह आहे. युद्धाच्या काळात तिथे आमच्या पोलिश छत्रीधारी सैनिकांची खानावळ होती. मागच्या भिंतीवर चुन्याखाली एक चित्र आहे, एवढंच गावच्या समितीला माहीत होतं. ते उघडं करायला १९९१च्या डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं. मी मूळची पोलंडमधल्या तोरुनची, जुनी चित्रं दुरुस्त करते, आठ वर्षं इकडे काढली आहेत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भिंतीतल्या ओलीवर आहे.

चित्रकार अजून हयात होते. सेवेरिन गोंस्का, वय अठ्ठ्याहत्तर, दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहायचे. रोज दहाला यायचे, खुर्ची ओढायचे आणि भिंतीकडे पाठ करून बसायचे.

"आजोबा, चित्र इकडे आहे," पहिल्या दिवशी मी म्हटलं.

"ठाऊक आहे गं. मीच काढलंय ना! तू खरवड. घाई नको, पण रमूही नकोस. डॉक्टरने मला ईस्टरपर्यंतची मुदत दिलीय, आणि तो माणूस मुळातच आशावादी आहे."

तिसऱ्या दिवशी टेबल उघडं पडलं. अकरा सैनिक जेवायला बसलेले. मधल्याचा हात ताटाशेजारी, हातात ओप्वातेक. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे ही पातळ, पांढरी पापडी घेऊन प्रत्येक जण प्रत्येकाकडे जातो. त्याने माझ्या पापडीचा तुकडा तोडायचा, मी त्याच्या. वर्षभराची भांडणं तिथे मिटतात. पुढे केलेली पापडी कोणी नाकारत नाही, असं मी बोलून गेले.

"मी नाकारली," आजोबा पाठमोरेच म्हणाले. "त्रेचाळीस साली, इथेच. ह्या मधल्या इग्नात्सीने माझी रंगांची पेटी विकून दारू ढोसली होती. वर हसत पुढे आला, 'चल रे, रुसूबाई!' मी तोंड फिरवलं. पुढच्या सप्टेंबरात सगळे हॉलंडला उड्या मारायला गेले. माझा घोटा मोडला होता, मी मागे राहिलो. हे अकरा परत आले नाहीत."

"म्हणून चित्र काढलंत?"

"म्हणून काढलं. त्यावर चुनाही मीच फासला."

"तो का?"

त्यांनी कपातला चहा नुसता फिरवला. "त्याचा हात बघवेना. तो माझ्यापुढे अजून येतो का, एवढंच मला मरण्याआधी बघायचंय. धीर झाला की वळेन."

नोंदीसाठी मी तो हात पारदर्शक कागदावर गिरवून घेतला. दुसऱ्या सकाळी कागद परत भिंतीला लावला तर रेषा जुळेनात. बोटं टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. कागद आखडला असेल म्हणून मी नवा घेतला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बोटं कडेच्या बाहेर होती.

रंगाला जवळजवळ पन्नास वर्षांत पडलेल्या बारीक भेगा बाहीवरून, मनगटावरून, कुठेही न तुटता बोटांपर्यंत गेल्या होत्या. असा जुना रंग कोणाला एका रात्रीत लावता येत नाही. मी भिंगातून तीनदा पाहिलं. आजोबांना बोलले नाही, कारण काय बोलावं ते मलाच कळत नव्हतं.

शुक्रवारी ते टाय बांधून आले. कोटातून लिफाफा काढला, लिफाफ्यातून पापडी. आणि वळले.

एक पाऊल पुढे झाले.

"मेल्या," ते म्हणाले, "तू काही म्हातारा झाला नाहीस."

पापडी धरलेला हात त्यांनी भिंतीकडे नेला. आणि मी त्यांचं मनगट पकडलं.

"हात लावू नका! रंग सुटतोय!"

सवय, दुसरं काय. विद्यार्थ्यांवर, पाद्र्यांवर, पाहुण्यांवर मी हेच ओरडत आले आहे. शब्द तोंडातून गेले तेव्हा कळलं, मी काय अडवलं ते.

"आजोबा, चुकलं माझं. लावा हात. लावा ना!"

त्यांनी पापडी लिफाफ्यात घातली आणि लिफाफा खुर्चीवर ठेवला. "राहू दे, पोरी. एकदा मी नाही म्हटलं, एकदा तू. तिसऱ्यांदा कोण विचारतो?"

शनिवारी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले होते. मी ढसाढसा रडले. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

तशीच सभागृहात गेले. खिडकीतून स्वच्छ ऊन आलं होतं. हात होता तिथेच होता, कडेच्या बाहेर.

मी हातमोजे काढले. आजोबांची पापडी भिंतीला टेकवली.

"इग्नात्सी, सेवेरिनच्या वतीने."

काही झालं नाही. मला माझीच लाज वाटली. मी हात मागे घेतला.

पापडीचा एक कोपरा नव्हता. खाली चुरा पडला नव्हता.

आता पाळी माझी होती. रीतच आहे तशी.

चित्रातल्या पापडीकडे मी दोन बोटं नेली. गार भिंत लागणार, हे धरूनच चालले होते.

लागला तो अंगठा. कोमट. तुकडा नीट तुटावा म्हणून त्याने पापडी जरा घट्ट धरली.