मागच्या सीटवरची

मागचा टायर बदलायचा, एवढ्याच कामाला चष्मेवाला त्या दिवशी गॅरेजमध्ये गेला होता. ती लांब पल्ल्याची जड मोटरसायकल घेऊन त्याला सहावं वर्ष चालू होतं. आठवडाभर दुकानात भिंगं घासायची, गिऱ्हाइकांना "आता दिसतंय का?" विचारायचं, आणि सुट्टी मिळाली की डोंगर पालथे घालायचे, हा त्याचा नेम. बायको त्या गाडीला 'सवत' म्हणायची. जन्मात कधी तिच्यावर बसली नव्हती.

मिस्त्रीने गाडी स्टँडवर घेतली आणि खाली वाकून मागची स्प्रिंग दाबून बघितली.

"वहिनी येतात वाटतं हल्ली फिरायला?"

"छे! ती आणि गाडीवर?"

"मग मागे कोण बसतं?"

मिस्त्रीने बोट दाखवलं. मागच्या माणसाने पाय टेकायचं डावीकडचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. उजवीकडचं कोरं करकरीत.

"एका अंगाने बसलं की दोन्ही पाय इथेच येतात," मिस्त्री म्हणाला. "आणि स्प्रिंग बघा. दोन माणसांनी दबलेली आहे. वर्षानुवर्षं."

चष्मेवाल्याने हसून वेळ मारून नेली. पण घरी येताना त्याचं लक्ष पाठीकडेच होतं. खरं सांगायचं तर, त्याला हे नवीन नव्हतं. वळणावर गाडी त्याच्याआधी अंमळ झुकायची, मागे सराईत माणूस बसलं की झुकते तशी. घाटात हेल्मेटच्या आत कधीकधी बामचा वास यायचा. आणि तीन वर्षांपूर्वी भर दुपारी सरळ रस्त्यावर त्याचा डोळा लागला होता, तेव्हा कुणीतरी खांद्यावर जोरात थापटलं होतं. डोळे उघडले तर समोर बंद पडलेला ट्रक. तेव्हापासून तो वळणं जरा जपून घ्यायला लागला होता. कुणासाठी, ते त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आता मात्र विचारणं भाग होतं. लेक अठराची झाली होती. तिने हट्टच धरला होता, "बाबा, या रविवारी मी येणार म्हणजे येणार." जिथे आधीच कुणीतरी बसलंय तिथे पोटची पोर कशी बसवायची?

शनिवारी दुपारी तो एकटाच घाटात गेला. धुकं इतकं दाट की पुढचं चाकही धूसर दिसत होतं. इंजिनाचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. वास आला... बामचा. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागे वळून बघायची छाती झाली नाही.

"कुठे... कुठे उतरायचंय तुम्हाला?"

झाडांवरून धुक्याचं पाणी ठिबकत होतं. मग अगदी कानापाशी, दमलेल्या आवाजात...

"खाली... लेकीकडे. येताना नेतो म्हणाला होतात ना..."

 आणि त्याला आठवलं.

गाडी घेतली त्याच वर्षीची गोष्ट. दोन रस्ते फुटतात तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, गुडघ्यांना बाम चोळत. "खालच्या वस्तीपर्यंत सोडता का?" तिने विचारलं होतं. त्याच्या मागच्या सीटवर तंबू बांधलेला होता. त्याच्या दोऱ्या सोडायला पाच मिनिटं लागली असती. "येताना नेतो, आजी. बसा इथेच," असं म्हणून तो निघून गेला, आणि परतला दुसऱ्याच रस्त्याने. पुन्हा त्या फाट्याकडे त्याची गाडी कधी वळली नव्हती.

त्याने गाडी सुरू केली आणि त्या फाट्याकडे वळवली. शेड मागे पडली, उतार लागला. तो इतक्या हळू चालवत होता की सायकलवाल्यानेही मागे टाकलं असतं. वस्तीत एका घरातून शिवणयंत्राचा आवाज येत होता. त्या दारापाशी गाडी आपोआप थांबली. त्याने ब्रेक दाबल्याचं त्याला आठवत नाही.

चाळिशीची एक बाई दारात आली. त्याने हेल्मेट काढलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला.

"आई चार दिवस राहायला यायची होती," ती म्हणाली. "शेवटची एसटी आली तेव्हा कंडक्टर म्हणाला, चला आजी. तर म्हणे, मला न्यायला येणारेत. सकाळी तशीच बसलेली सापडली. थंडीने."

चष्मेवाल्याची मान वर होईना. "मी फार..."

"गप्प बसा."

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या मागे बघत होती. तिने पदराने डोळे पुसले, दारातून बाजूला झाली आणि हलकेच म्हणाली, "ये. किती उशीर गं..."

गाडीची मागची स्प्रिंग कुरकुरली आणि सीट दोन बोटं वर उचलली गेली.

परतीच्या वाटेवर गाडी पिसासारखी पळत होती. त्याला रडू येत होतं. हलकं वाटत होतं, आणि पाठीला उगाच ओकंबोकंही.

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं. लेक मागे बसली. धरणापर्यंत जाऊन दोघं परत आली. पोरीचा आनंद गगनात मावेना. आईला सगळं वर्णन करून झालं. आई आत गेल्यावर ती बापाजवळ सरकली.

"बाबा, हेल्मेटमध्ये आवाज येतात का रे?"

"वाऱ्याचे येतात की."

"वाऱ्याचा नव्हता..." तिचा आवाज खाली आला. "लहान मुलीचा होता. माझ्या मागून. 'ताई, पुढे सरक ना... मी पडेन,' म्हणत होती."

चष्मेवाल्याच्या हातातली किल्ली तशीच राहिली. गाडी घेतल्यापासून रस्त्यात भेटलेलं एकेक माणूस तो आठवून बघत होता. लहान मुलगी त्यात कुठेच नव्हती.

"मग... तू काय केलंस?"

"काय करणार?" लेक म्हणाली. "सरकले."