आमच्याकडे फक्त ओल येते!

"कोण बोललं?"

सासऱ्यांनी विमा कंपनीचं पत्र जेवणाच्या टेबलावर असं आपटलं, की पेल्यातलं पाणी हिंदकळून सुनेच्या मनगटावर सांडलं आणि मांडीवरच्या दोन वर्षांच्या पिटुकलीनं दचकून तिच्या गळ्याला मिठी मारली. बाबा सुतार होते, साऱ्या किनाऱ्याचे मिस्त्री. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचा राग गोठायचा... आणि तेच भयंकर होतं!

"पुराच्या विम्याचा हप्ता तिप्पट! वर्षातले चार महिने मी या कंपनीसाठी रंधा मारायचा का? आणि कारण ऐका. 'घरातील व्यक्तीने दिलेल्या माहितीनुसार, दोन वेळा पाणी शिरले.' मी काय बजावलं होतं? पाहणीला माणूस आला की काय म्हणायचं?"

"ओल," नवरा मान खाली घालून पुटपुटला.

"ओल! आमच्याकडे पाणी येत नाही, फक्त ओल येते. या पिटुकलीलासुद्धा पाठ झालं असतं एवढ्यात! मग कोण बोललं?"

सुनेनं समोर पाहिलं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि पोळीचा तुकडा मोडता मोडता त्यांची बोटं थांबली होती.

तो माणूस आला तेव्हा दोघीच घरी होत्या. हातात टेप घेऊन तो खालच्या मजल्यावर फिरला. एका बाजूला बाबांचं सुतारकाम, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. "खाली ओल बरीच आहे," असं बिचारा आपण होऊनच म्हणाला होता! तिथंच सारं निभावलं असतं. पण आपल्या स्वयंपाकघराला कुणी ओलं म्हणावं, हे सासूबाईंना कसं सोसणार?

"अहो, आमची तयारी तर बघा! विजेची बटणं सगळी खांद्याच्या वर, फ्रिज चौथऱ्यावर, कपाटांना हातभर पाय. दोनदा गुडघाभर पाणी आलं, पण एक चमचा वाहून जाऊ दिला नाही मी!"

त्यांना वाटलं होतं, एवढा टापटिपीचा संसार पाहून तो हप्ता कमी करील. सून खोकली, पुन्हा खोकली, इतकी खोकली की त्या माणसानं काळजीनं तिलाच पाणी प्यायला सांगितलं. आणि मग त्यानं लिहून घेतलं.

सासूबाईंची ही भाबडी जीभ पूर्वीही एकदा नडली होती. बाबांच्या एका बड्या गिऱ्हाइकाला त्यांनी लाकडाचा खरा भाव सांगून टाकला, काम हातचं गेलं, आणि पुढची तीन वर्षं बाबा त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. "तिला सांग, चहा नको." एकाच खोलीत, चार पावलांवरून! पिटुकली जन्मली त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात ते पहिल्यांदा म्हणाले, "अगं, नाक तुझ्यावर गेलंय की!" तेव्हा त्या माउलीच्या मुखावर उमटलेला तो अविश्वास, तो आनंद... सुनेनं तो खाटेवरून पाहिला होता.

तो पुन्हा विझू द्यायचा?

"मी बोलले, बाबा."

सासूबाईंचे ओठ हलले. सुनेनं टेबलाखाली त्यांच्या पावलावर आपलं पाऊल घट्ट दाबून ठेवलं.

बाबांनी पत्राची घडी घातली. मग मुलाकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "तिला सांग, घर विकायचं. शेजारचा हॉटेलवाला कधीचा मागे लागलाय. विम्याशिवाय मी नातीला इथं ठेवणार नाही, आणि हा विमा मला झेपायचा नाही."

तिला सांग! दोनच शब्द... पण काळजात पाचर ठोकल्यासारखे रुतले!

अकरा दिवस गेले. ती खोलीत आली की बाबा उठून जात. नवऱ्यानंही एकदा ऐकवलंच, "शिकलेली बायको म्हणून मिरवायचो मी. एवढा एक शब्द सांभाळता येऊ नये?" तिनं लेकीला उचललं आणि ती जिन्यावर जाऊन बसली. दुसऱ्या पुरात दहा महिन्यांच्या लेकीला छातीशी धरून ती जिन्यावर उभी होती. एक पायरी बुडाली, दुसरी बुडाली, तिसरी... त्या पाण्याला ओल म्हणायला तिची जीभ कधीच वळली नसती, आणि खरं बोललं गेलं म्हणून मनात कुठंतरी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या वाटण्याचीही तिला लाज वाटत होती.

त्यातच तिनं पत्राचं दुसरं पान वाचलं, जे घरात कुणी उलटलंच नव्हतं. खालचा मजला राहता ठेवला नाही, आणि पाणी आत येऊन बाहेर जाईल अशी भोकं भिंतींना जमिनीलगत पाडली, तर पुन्हा पाहणी होऊन हप्ता जवळजवळ पूर्वीइतका होणार होता!

ती धावतच गेली. "बाबा, दुसऱ्या पानावर..."

"तिला सांग, मला वाचता येतं."

नवऱ्याकडे गेली, तर तो म्हणाला, "अजून काय बोलायचं राहिलंय तुझं?"

आणि आज दुपारी चार वाजता हॉटेलवाला विसाराची रक्कम घेऊन येणार होता.

साडेतीनला सासूबाईंनी स्वयंपाकघरात तिचा हात धरला. "आण ते पान."

"आई, नको. तुमच्याशी पुन्हा बोलणं टाकतील ते..."

"तीन वर्षं मी भिंतीशी बोलले गं. पण निदान भिंत तरी माझी होती! आता तीही जाणार, आणि वर तुझ्यासारख्या पोरीवर आळ?" सुनेनं पदर धरला, तो त्यांनी ओढून घेतला. "सोड मला."

पलीकडे बाबा एका दाराला रंधा मारत होते. सासूबाई पान घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ती नाही बोलली. मी बोलले. बटणं दाखवली, चमचा वाहून गेला नाही म्हणून फुशारकी मारली. तिनं माझ्यासाठी अंगावर घेतलं. आता माझ्याशी बोलू नका हवं तर... जन्मभर बोलू नका! पण तिचं ऐका."

रंधा थांबला. बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला, दार वाजलं, आणि तरी बाबा हलले नाहीत. मग त्यांनी पान हातात घेतलं आणि उंबऱ्यात लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या सुनेपुढे धरलं.

"वाच."

तिनं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"समुद्र अडवायला या भिंती उभ्या केल्या मी," बाबा म्हणाले, "आणि आता मीच त्यांना भोकं पाडू?"

"अडवलेलं पाणी भिंतच घेऊन जातं, बाबा. त्याला वाट द्यायची, म्हणजे वरचं घर राहील. स्वयंपाकघर आमच्या खोलीत नेऊ. आम्ही तिघं गॅलरीत झोपू. तुमचं कामाचं टेबल गच्चीवर..."

"सगळं ठरवून ठेवलंस." त्यांनी चष्मा काढला. "सूनबाई, तू खोटं बोललीस माझ्याशी."

"हो, बाबा."

"अकरा दिवस सोसलंस, पण तिचं नाव घेतलं नाहीस..." त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा सुनेकडे. "एवढी भीती वाटते माझी या घरात?"

पिटुकलीनं आईच्या खांद्यात तोंड लपवलं. बाबा पाठ फिरवून बाहेर गेले. "विकायचं नाही," एवढंच ऐकू आलं. मोटार निघून गेली.

परत आले तेव्हा सासूबाई तिथंच उभ्या होत्या, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशा. बाबा त्यांच्याजवळून पुढे गेले, कानामागची पेन्सिल काढून भिंतीशी उकिडवे बसले, आणि त्यांनी तिचं टोक जमिनीलगत भिंतीला टेकवलं.

"अगं..."

सासूबाईंनी दचकून मान वर केली.

"दोन्ही वेळा मी कामावर होतो. पाणी आधी कुठून शिरलं, ते तुलाच ठाऊक. सांग."

त्यांनी तोंडावर हात धरला. डोळ्यांतून घळघळ धारा लागल्या.

"बोल की! एरवी परक्या माणसाला सगळं सांगतेस."

"तिथं नाही हो..." त्या हुंदक्यातून म्हणाल्या. "जरा डावीकडे. त्या कोपऱ्यातून आलं आधी, मांजरासारखं, गुपचूप. मी पिठाचा डबा उचलला, तोवर दारातून लोंढा... पहिल्या खेपेला मी एकटीच होते हो घरात, आणि मला इतकी भीती वाटली..."

पेन्सिल भिंतीवर टेकलेलीच होती. बाबांनी खूण केली नाही.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "घाई नाही."