वीस साखळ्यांची थाप

"…आणि छपरावर मोर बसला आहे, बाबा. पिसारा पार गुलाबी भिंतीवर लोळून राहिला."

मी हे म्हणाले तेव्हा समोर ना गुलाबी बंगला होता, ना मोर. होता खडीचा ढीग. ढिगावर एक तरुण ओव्हरसिअर बसला होता, मांडीवर वही, हातात अर्धं सोललेलं संत्रं. त्याने मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं… आणि बाबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"एक नाही जी, दोन आहेत. दुसरा कौलामागं बसला."

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते खूश झाले. मी मात्र जळून खाक! माझ्या थापेवर थाप मारणारा अजून जन्माला यायचा आहे, अशी माझी पक्की समजूत होती. तो जन्मला होता, भिवापूरला. नाव अनंत.

मैल जाऊन किलोमीटर आले, त्या सालची ही गोष्ट. जुने दगड उपटून नवे रोवायचे होते, म्हणून अनंत वीस मीटरची साखळी घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोजत फिरायचा. माझे बाबा, महादेवराव, लकडगंजातल्या वखारीत चाळीस वर्षं लाकूड मोजत होते. बोटभर माप कधी खोटं लिहिलं नाही. रोज सकाळी त्यांचा एक फेरा ठरलेला. नाल्याच्या काठाने दगडी पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडायचा, आणि जुन्या बंगल्यांच्या ओळीने परत. (त्या नाल्यात तेव्हा स्वच्छ पाणी असायचं. हसू नका!) बरोबर दोन मैल. हे सांगताना बाबांची छाती पुढे यायची.

दुसऱ्या दिवशी बाबा नाल्याकाठच्या कठड्यावर टेकले तशी अनंतने मला गाठलं.

"मोर कुठं गेला आज?"

"तुमचं तिखट बोलणं ऐकून उडाला. भिवापूरचे ना तुम्ही?"

"तिकडची मिरची तिखट असते. माणसं नाही."

"चाखल्याशिवाय कसं कळणार—" मी म्हणाले, आणि जीभ चावली. कानाच्या पाळ्या अशा तापल्या की वर पापड भाजून घ्यावा.

तेवढ्यात बाबांची हाक आली. "ओव्हरसिअर! माझा फेरा नव्या मापात किती भरते गा? मोजून सांग."

मी घाईने अनंतजवळ सरकले.

"तेवढं मोजू नका," मी कुजबुजले.

"काहून?"

मग सांगावंच लागलं. दोन वर्षांपूर्वी बाबांना टायफॉइड झाला. अंगात त्राण नव्हतं, दिसत नव्हतं. म्हणून मी त्यांना दगडी पुलापर्यंत न नेता अलीकडच्या लाकडी साकवावरूनच वळवायला लागले. "दगडी पूल आला बाबा, जपून," म्हणायचं, आणि न लागलेल्या बंगल्यांचं वर्णन करत सुटायचं. आधी काळजीने, पुढे, खरं सांगते, आळसाने. कॉलेजचा पहिला तास होता ना! गुलाबी बंगला तर नागपुरात कुठेच नव्हता.

अनंतने मनाशी हिशेब केला. "म्हणजे चारशे मीटर. वीस साखळ्यांची थाप!"

"सांगून टाका ना दोन मैल. एका आकड्यानं काय होते?"

त्याने वही मिटली. "मोर म्हणाल तेवढे सांगीन, उत्तराबाई. आकडा खोटा नाही सांगणार."

"मग सांगा खरं! महिन्यानं त्यांचं ऑपरेशन आहे. डोळे उघडले की पहिली गोष्ट काय दिसेल? पोरीनं आपल्याले खोटं पाडलं!"

त्याने साखळी उचलून खांद्यावर टाकली. म्हणाला, "आकडा नाही बदलता येत. रस्ता वाढवता येते ना!"

आणि बाबांकडे जाऊन, "महिना द्या जी. पक्कं मोजून सांगतो."

दुसऱ्या सकाळपासून आमचा कारभार सुरू झाला. साकवाच्या पुढे अर्धी साखळी जायचं, अर्धी परत यायचं. रोज त्यात एका साखळीची भर. साखळीचं दुसरं टोक धरणारा धोंडबा सुट्टीवर गेला होता, म्हणून बाबा कठड्यावर बसले की ते टोक मी धरायची. दोघांमध्ये वीस मीटर धुकं. एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

"आणि तीन?" मी विचारलं.

"तीनचं काम नाही पडत," म्हणाला. पण नजर चुकवून.

आठव्या दिवशी बाबा कुरकुरले, "आज पाय काहून भरून आले वं?"

"थंडी आहे, बाबा."

बाराव्या दिवशी अनंतने संत्र्याची फोड पुढे केली, बोटाला बोट लागलं, आणि शपथेवर सांगते, नाल्याचं पाणी घटकाभर उलटं वाहिलं.

विसाव्या दिवशी आम्ही दगडी पूल ओलांडला.

ऑपरेशन झालं. महिनाभराने बाबा जाड भिंगांचा चष्मा लावून फेऱ्याला निघाले. पुढे अनंत, मागे साखळी धरून मी, शेजारून बाबा स्वतः मोजत. पूल झाला, बंगले झाले, आमचं फाटक आलं.

"एकशे एकसष्ट साखळ्या," अनंत ओरडला. "दोन मैल, वर तीन हात!"

बाबांनी टोपी हवेत उडवली. मग ती उचलून, धूळ झटकत म्हणाले, "उत्तरा, चाळीस वर्षं वखारीत गेली माझी. दगडी पुलावर पायाखाली सागाची फळी वाजली तर मले कळणार नाही का वं?"

माझ्या हातातून साखळी पडली.

"दोन वर्षं मी लकडगंजात कोणाले दोन मैल म्हटलं नाही. फिरून आलो, एवढंच म्हणत होतो. तुले ओरडलो असतो, तर ते बंगले कोणी दाखवले असते? याले मोजायले सांगितलं ते हा आकडा खरा सांगते का, हे पाहायले. ज्या दिवशी फळी वाजली नाही, त्या दिवशी समजलो… पोरगा पक्का आहे." मग त्यांनी चष्मा पुढे ओढला. "पण तो गुलाबी बंगला कुठं आहे? तो तर पाहूनच राहीन मी."

अनंतने घसा साफ केला.

"तो बांधायचा आहे जी. उत्तराबाई हो म्हणतील तर."

मी साखळीचं टोक उचललं. तीन झटके दिले. एवढे जोरात, की ओव्हरसिअर पडता पडता वाचला.

बंगला सक्करदऱ्यात बांधला. दीड खोलीचा, पण गुलाबी! आणि राहायला गेलो त्या सकाळी छपरावर खरोखरचा मोर येऊन बसला. एक नाही, दोन. दुसरा कौलामागं होता.